मोरीच्या पाण्यावरचा वाळुंज

आमचं घर साताऱ्यात, करंजे भागात. प्लॉट मागच्या अंगाला उतरता आहे, त्यामुळं मोरीचं, न्हाणीचं आणि पावसाचं सगळं पाणी शेवटी एकाच कोपऱ्यात जाऊन बसतं. खाली चिकट काळी माती. घर बांधलं तेव्हा गवंड्यानं तिथं शोषखड्डा काढून दिला होता. तो दोन पावसाळ्यांत गाळानं भरला आणि कोपऱ्याची दलदल झाली. मी तिथं लिंबू लावलं, ते पिवळं पडून गेलं. पपई बुडातून कुजली. केळी आणि अळू मात्र माजले, आणि त्यांच्या आडोशाला डासही. "भराव टाकून वर फरशी करून घेऊ," असं आमच्या घरात दर जूनला ठरायचं आणि दर दिवाळीला राहून जायचं.

त्या फरशीला माझा मनातून विरोध होता, कारण मला तिथं वाळुंज लावायचा होता.

माझं माहेर मेढ्याच्या अलीकडं, वेण्णाकाठी. आमच्या मळ्याच्या खाली नदी वळण घ्यायची आणि त्या वळणावर सात-आठ वाळुंज ओळीनं पाण्यावर झुकलेले असायचे. उभ्या खोल भेगांची काळपट साल, लांबट निमुळती पानं. वारा आला की पानांची पांढुरकी पाठ वर व्हायची आणि अख्खं झाड क्षणभर चांदीसारखं चमकून पुन्हा हिरवं व्हायचं. आजोबा पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे फोक तोडून काठाच्या मातीत रोवायचे. बहुतेक जगायचे. पूर येऊन गेला की शेजारच्या मळ्याचा काठ ढासळलेला दिसायचा, आमचा शाबूत असायचा. थंडीत त्याला पिवळसर तुरे यायचे, आणि सकाळी धुणं घेऊन नदीवर गेलं की त्या गोडसर वासात दगडावर बसायला फार बरं वाटायचं. पुढं कण्हेर धरण झालं. आमचं गाव वर राहिलं, पण ते वळण, खालचा मळा आणि ती वाळुंजांची ओळ फुगवट्यात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथं भेगाळलेला गाळ दिसतो. मी दोनदा जाऊन पाहून आले. आता जात नाही.

म्हणून निवृत्त झाल्यावर, २०१८च्या मे महिन्यात, मी नर्सरीत वाळुंज मागायला गेले. तिथल्या मुलानं नावच ऐकलं नव्हतं. मी वर्णन केलं तेव्हा तो म्हणाला, "विलो का? आहे की," आणि त्यानं जमिनीकडं लोंबणाऱ्या फांद्यांचं झाड दाखवलं. ते दिसायला सुंदर होतं. पण तो चीनकडचा विलो, बागांच्या शोभेसाठी जगभर गेलेला. आपला वाळुंज त्याच कुळातला, तरी वेगळा. शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. विलो म्हटलं की लोकांना काश्मीर आठवतं. पण हा विलो आपल्या ओढ्या-नद्यांच्या काठी मुळापासूनचा आहे. संस्कृतात त्याला जलवेतस म्हणतात. वाळुंज नावाची गावं आहेत, वाळुंज आडनावाची माणसं आहेत. एखाद्या झाडाचं नाव गावाला आणि घराण्याला लागतं, म्हणजे ते कधीतरी किती डोळ्यांसमोर असेल! आणि आज नर्सरीत ते नाव कुणाला कळत नाही, याचं मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं.

माहेरी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "आक्का, वाळुंज व्हय? धरणाच्या वरच्या अंगाला दोन-चार हायती अजून. यी की, काढून दितो." नदीकाठचं झाड असलं तरी काठ कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, म्हणून आधी त्या मळेवाल्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "न्या की मावशी, काडीला काय इचारायचं!" तरी विचारलेलं बरं.

पहिली खेप वाया गेली. मे महिना, भर दुपार, अंगठ्याएवढ्या जाड, पानांनी भरलेल्या फांद्या आम्ही कोयत्यानं तोडल्या, एसटीत मांडीवर घेऊन आणल्या आणि संध्याकाळी थेट कोपऱ्यात खोचल्या. आठवड्यात पानं करपली, पंधरा दिवसांत साल सुरकुतली. आजोबांनी रोवलेले फोक जगायचे आणि माझे मेले, हे मनाला फार लागलं. मग आठवून पाहिलं. ते तोडायचे तेव्हा वळवाचे पाऊस होऊन गेलेले असायचे, आणि तोडल्यापासून रोवेपर्यंत फोक नदीतच पडलेले असायचे. मी त्यांना तीन तास उन्हातून हिंडवलं होतं.

दुसरी खेप दिवाळीनंतरची. पावसाळा सरला की वाळुंजाची पानं पिवळी पडून गळतात आणि नवी पालवी फुटायच्या आधी झाड काही दिवस ओकंबोकं उभं राहतं. काडी घ्यायला हीच वेळ मला सर्वांत खात्रीची वाटते. पानंच नसल्यानं काडीतलं पाणी उडून जात नाही आणि डोळे मात्र फुगायच्या बेतात असतात. या वेळी शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वर्षभराच्या सरळ काड्या निवडल्या. सिकेटरनं कापल्या, म्हणजे साल चिरडत नाही. प्रत्येक काडी वीतभराहून थोडी लांब, चार-पाच डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा आडवा. हा फरक ठेवायचा म्हणजे काडी उलटी रोवली जात नाही. सगळ्या काड्या एकसारख्या दिसतात आणि घरी येईपर्यंत शेंडा कुठला, बूड कुठलं ते कळेनासं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या आणि मोरीशेजारच्या बादलीत चार बोटं पाण्यात उभ्या केल्या. पाणी रोज बदलायचं. सावली हवी, पण अंधार नको.

आठव्या-नवव्या दिवशी सालीवर पांढरे बारीक ठिपके आले. मला आधी बुरशी वाटली. दोन दिवसांत त्यांची मुळं झाली. सोळा काड्यांपैकी चौदा फुटल्या. मी इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर छाट कलमाची आकृती कितीतरी वेळा काढली, पण त्या बादलीशी सकाळ-संध्याकाळ जसा जीव अडकला, तसा कुठल्या आकृतीत अडकला नव्हता. बोटभर मुळं झाल्यावर काड्या माती, वाळू आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत हलवल्या. अगदी लांब मुळं होईपर्यंत पाण्यात ठेवू नयेत. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत घालताना तुटतात.

२०१९च्या जूनमध्ये तीन रोपं जमिनीत गेली, बाकीची वाटली. दोन रोपं दलदलीच्या कोपऱ्यात. तिसरं न्हाणीघराच्या भिंतीपासून पाचेक फुटांवर, चेंबरच्या शेजारी, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसलं असतं. या तिसऱ्याबद्दल पुढं सांगते.

तो पावसाळा कृष्णाकाठ विसरणार नाही. ऑगस्टमध्ये खाली सांगलीत घरांत पाणी शिरलं होतं, इकडं आमच्या कोपऱ्यातही गुडघाभर पाणी साचून राहिलं. आठवडाभर दोन्ही रोपं अर्धी बुडालेली. मी त्यांचा नाद सोडला होता. पाणी उतरल्यावर पाहते तर बुडालेल्या खोडाला पाण्यातच तांबूस मुळांचे झुबके फुटलेले आणि शेंड्याला नवी पानं. अळूसुद्धा सडला होता त्या पाण्यात.

पहिल्या वर्षी एक काळजी घेतली. धुण्याच्या मशीनचं साबणाचं पाणी वेगळं काढून बाहेरच्या गटाराला दिलं आणि रोपांना फक्त मोरीचं, भाजी-तांदूळ धुतल्याचं पाणी सोडलं. दुसऱ्या वर्षी खोड मनगटाएवढं झाल्यावर सगळं पाणी तिकडं वळवलं. झाडांनी तक्रार केली नाही. उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट अंथरते. साताऱ्यात पाचटाला तोटा नाही. शेतात जाळण्यापेक्षा कुणीही आनंदानं देतं. फक्त ते खोडाला चिकटवायचं नाही, नाहीतर वाळवी लागते. आणि शेळ्यांपासून राखायचं. वाळुंजाचा पाला जनावरांना आवडतो. गल्लीतल्या एका शेळीनं फाटकातून शिरून एका दुपारी एक रोप नुसती काठी करून ठेवलं होतं. महिन्याभरात त्या काठीला बुडापासून नऊ फुटवे आले. तिथूनच मला त्याचं झुडूप करायची कल्पना सुचली.

कारण वाळुंज मोकळा सोडला तर मोठा होतो. नदीकाठी तो चाळीस-पन्नास फूट सहज जातो. घराच्या मागं तेवढी जागा नाही, शेजाऱ्यांच्या तारा आहेत, शिवाय लाकूड हलकं, जुनी फांदी वादळात मोडते. म्हणून दोन्ही झाडं जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापली आणि बुडातून येणारे धुमारे वाढू दिले. पहिल्या वेळी मी सगळेच एका दमात कापले. झुडूप दाट आलं, डोक्याच्या वर गेलं, पण पुढच्या थंडीत त्या वर्षीच्या कोवळ्या फांद्यांवर एकही तुरा नाही. तेव्हापासून दर फेब्रुवारीत फुलं होऊन गेली की सर्वांत जाड असे एक-तृतीयांश फोक बुडातून काढते, बाकीचे ठेवते. झुडूप दहा-बारा फुटांवर राहतं आणि तुरेही येतात. बुडाजवळची फूटभर जागा झाडून मोकळी ठेवते. ओल, पाचट आणि दाट झुडूप म्हटलं की शेजारणींना साप आठवतो आणि त्यांची भीती खोटी नाही. एकदा धामण निघाली होती.

आता ते तिसरं झाड. खिडकीसमोरचं, माझं सर्वांत लाडकं. २०२१च्या पावसाळ्यात न्हाणीचं पाणी मागं तुंबायला लागलं. ॲसिड ओतलं, बांबू घातला, काही होईना. शेवटी प्लंबर आला. त्यानं चेंबर उघडून पाइपात हात घातला आणि ओढायला लागला. हातभर, दोन हात, तीन हात. घोड्याच्या शेपटीसारखी तांबूस मुळांची जाड वेणी त्यानं अंगणात पसरली. पाइपाच्या सांध्यात केसाएवढी फट होती, तेवढी त्यांना पुरली. "काकू, ह्ये झाड ठिवलं तर वर्सात पुन्यांदा ह्येच," तो म्हणाला. पाइप बदलायला न्हाणीची फरशी फोडावी लागली. झाडही काढावं लागलं. मुळासकट उपटताना मी आत जाऊन बसले.

चूक माझीच होती. ज्या गुणासाठी मी हे झाड आणलं, तो गुण लावताना विसरले. पाणी जिथं असेल तिथं वाळुंजाची मुळं जातात. कुणी विचारलं तर मी आता सांगते: घर, चेंबर, सेप्टिक टाकी, विहीर, पाण्याची पाइपलाइन, या सगळ्यांपासून किमान पंचवीस फूट. एवढं अंतर मिळत नसेल तर लावू नये. झुडूप छोटं ठेवलं तरी मुळं छोटी राहतील असं धरून चालू नये. कोपऱ्यातली दोन झाडं घरापासून तीस फुटांवर आहेत आणि तिथं न्हाणीचं पाणी उघड्या चरातून जातं, पाइपातून नाही, म्हणून ती वाचली.

त्याच झाडांना त्या आधीच्या थंडीत, काडी लावल्यापासून तिसऱ्या, पहिल्यांदा तुरे आले होते. बोटाएवढे पिवळे, मऊ, नव्या पालवीबरोबरच. सकाळी मागचं दार उघडलं आणि तो वेण्णेवरचा वास आला. मी दारातच उभी राहिले. आई तेव्हा आमच्याकडं होती, नव्वदीची. तिला दिसत कमी होतं. ती पलंगावरूनच म्हणाली, "वाळुंज फुललाय काय गं?"

नऊ वाजेपर्यंत मधमाश्या आल्या. त्या हंगामात बाकी फुलं असतातच, तरी वाळुंजावर नुसता गुंजारव. पण तुरे काही दिवसांत गळून पडले आणि पुढं काहीच नाही. बोंडं नाहीत, कापूस नाही. लहानपणी थंडी सरताना नदीवर म्हाताऱ्या उडायच्या, त्या नाहीत. मग उलगडा झाला. वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मी सगळ्या काड्या एकाच झाडाच्या आणल्या होत्या आणि ते झाड नर. काडीतून वाढलेलं झाड मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं, त्यामुळं माझीही सगळी नर, मी वाटलेली अकरा रोपंही नर. हे मी वर्गात शिकवलेलं होतं. झाड निवडताना आठवलं नाही.

मादी शोधायला दोन थंड्या गेल्या. माहेरच्या उरलेल्या चार झाडांत एकही मादी निघाली नाही. हे मला अजून बोचतं. तिथं ती झाडं फुलतात, पण बी धरत नाहीत; ती म्हातारी होऊन पडली की त्या पट्ट्यातला वाळुंज संपला. शेवटी वाईच्या वर, कृष्णेकाठी एका मळ्याच्या टोकाला हिरवट, जरा लांब आणि सडपातळ तुऱ्यांचं झाड सापडलं. झाडाला सुतळी बांधून खूण केली आणि पुढच्या दिवाळीनंतर जाऊन काड्या आणल्या. या वेळी प्रत्येक पिशवीवर पक्क्या शाईनं लिहिलं: मादी, वाई.

दरम्यान कोपऱ्यात आणखी पाहुणे आले. एका पावसाळ्यानंतर कोवळ्या शेंड्यांची पानं कुरतडलेली दिसली. पानांवर काटेरी केसांच्या अळ्या. शेजारच्यांनी फवारणीचा पंप आणूनच दिला. मी तो परत केला, कारण दोन अळ्यांनी तोवर कोष केले होते. हिरवे, त्यावर चांदीचे आणि लाल ठिपके, एखाद्या सोनारानं मिना भरावा तसे. त्यातून केशरी पंखांवर काळ्या ठिपक्यांची फुलपाखरं निघाली. इंग्रजीत त्याला कॉमन लेपर्ड म्हणतात. तांबट आणि वाळुंज ही त्याच्या अळ्यांची आवडती झाडं. पानं खाल्ली म्हणून वाळुंजाचं काही बिघडलं नाही. तीन आठवड्यांत शेंडे पुन्हा फुटले. आता दरवर्षी ती येतात.

लोक विचारतात त्यातल्या दोन गोष्टी इथंच सांगून टाकते. शेजारच्या मुलाला बॅट हवी होती. बॅटीचा विलो वेगळ्या जातीचा असतो. वाळुंजाची बॅट होत नाही. दुसरं, सालीचा काढा. विलोंच्या सालीत सॅलिसिन नावाचं औषधी द्रव्य असतं. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लंडमधल्या एका पाद्र्यानं विलोची साल तापावर चालते असं रॉयल सोसायटीला लिहून कळवलं होतं, आणि पुढं त्याच वाटेनं १८९७ मध्ये ॲस्पिरिन तयार झालं. हे सगळं खरं असलं तरी अंगणातल्या सालीत ते किती आहे हे मोजायला माझ्याकडं काही नाही. म्हणून मी कुणाला साल देत नाही. मी कुणाला साल देत नाही. फोक मात्र देते. बाजूचे आजोबा त्याच्या वाल-घेवड्याला मांडवाच्या काठ्या करतात. एकदा ओल्या काठ्या रोवल्या, तर त्यांचे चार वाळुंजच झाले. तेव्हापासून ते साल सोलून, वाळवून रोवतात.

मादीच्या काड्यांना २०२३च्या अखेरीस तुरे आले. शेजारीच नर, माश्या दोन्हीकडं फिरणाऱ्या. या वेळी तुरे गळले नाहीत, त्यांना छोटी टोकदार बोंडं धरली. फेब्रुवारीत एका दुपारी वारा सुटला आणि बोंडं उकलून कापूस उडायला लागला. वाळत घातलेल्या पापडांवर, तुळशीवर, आमच्या ह्यांच्या चष्म्यावर. ते म्हणाले, "अगं, हे काय उडतंय?" मी म्हटलं, "अहो, म्हाताऱ्या."

वाळुंजाचं बी राईहून कितीतरी बारीक असतं आणि त्याचा जीव थोड्या दिवसांचा. वाळवून, डबीत भरून पुढच्या जूनला पेरू म्हटलं तर एकही उगवत नाही. त्याची वेळ नदीशी जुळलेली आहे: पाणी उतरतंय, काठाला ओला वाळूचा पट्टा उघडा पडतोय, तेवढ्यात त्यावर पडायचं आणि रुजायचं. धरणांनी नद्यांचं चढणं-उतरणंच बदललं, तर अशा बियांनी कुठं पडायचं? मी एका पसरट परातीत नदीची वाळू घेतली, खालून पाणी दिलं, आणि कापसासकट बी त्यावर नुसतं टेकवलं. वर माती घातली नाही. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर हिरवे ठिपके उघडले होते. दोन दिवसांत दोनशेच्या वर असतील. पुढच्या महिन्यात शेवाळ चढलं, एकदा परात उन्हात राहिली, एकदा चिमण्यांनी वाळूत अंघोळ केली. पावसाळ्यापर्यंत सात उरली आणि त्यातली दोन आज कुंडीत कंबरेएवढी आहेत.

ही दोन काडीची नाहीत. वेण्णेचा नर आणि कृष्णेची मादी, त्यांचं बी. चुलतभाऊ म्हणतो, फुगवट्याच्या वर नदी अजून वाहती आहे तिथं, त्याच्या बांधाच्या खाली लावू. मादी निघाली तर तिथल्या चार म्हाताऱ्या नरांना बी धरायला सोबत होईल. नर की मादी, हे फुलल्याशिवाय कळायचं नाही, आणि बियाचं रोप काडीपेक्षा उशिरा फुलतं. यंदाच्या जूनला दोन्ही घेऊन जाणार आहे. त्यानं शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण आधीच करून ठेवलंय.